लाखीच्या डागाला रंग

४ जाने. २००४
दादा सेनगावहून बातमी घेऊन आला. हिंगोलीच्या पशुप्रदर्शनात यंदाही कुत्र्यांचं रिंगण आहे. आल्या आल्या आमच्या कुत्रीच्या, लाखीच्या, पाठीवरून हात फिरवायला लागला, तेव्हाच ओळखलं त्याच्या मनात काय आहे.

लाखी पिल्लू असताना तिचं पोट फुगलं होतं, तर वडिलांनी, बापूंनी, विळा तापवून बरगडीवर डाग दिला. आमच्या बंजारा तांड्यावर ढोराला, कुत्र्याला, लेकराला, सगळ्यांना तोच इलाज. तिथं पांढरे केस आले. तपकिरी अंगावर पांढरा पट्टा दिसला की परीक्षक गुण कापतो, म्हणून दादानं गेल्या साली काळी मेहंदी लावली. दुसरा नंबर आला. मग रंगानं कातडी पोळली, सगळा उन्हाळा ती त्या कुशीवर झोपली नाही. नंबर घरात सगळ्यांच्या लक्षात आहे, उन्हाळा माझ्या एकटीच्या.

सांगून टाकलं, यंदा रंग लागणार नाही. दादा म्हणे, "तू तुझी अंगणवाडी सांभाळ."
सांभाळतेच आहे. तीही आणि हीही.

७ जाने.
दादाच्या खिशातून नियमांचा कागद काढून वाचला. रंग, पावडर, तेल, मलम, अंगावर काहीही सापडलं की कुत्रं बाद. परीक्षक ओलं पांढरं फडकं फिरवून बघणार. म्हटलं, हे बघ, कमिटीच नको म्हणून राहिली.

दादा हसला. "फडक्याला लागला तर रंग. आधीच लावून वाळवला तर कुठं लागतो? समदेच लावून राहिले. वसमतच्या साहेबाचा पांढरा कुत्रा काय जन्मापासून तसा हाय का?"

बापू बाजेवर बसून ऐकत होते. बापू बोलले नाहीत की दादा होकार धरतो.

१२ जाने.
अंगणवाडीतून आले तर दारातच तो झोंबणारा वास. लाखी खांबाला आखूड बांधलेली, तोंड फडक्यानं आवळलेलं. बापू तिचे पाय धरून, दादा काळ्या मेहंदीत लाल कालवून लेप लावतोय. मी घरात नसायची वेळ बघून. आमची आई, याडी, चुलीपाशी होती, तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

हंडा उचलला आणि लाखीच्या अंगावर पालथा केला. दादा ओरडला, "रंग जाईल ना सगळा." म्हटलं, तेच तर करून राहिले. लाज वाटली पाहिजे दोघांना, असं बापूंच्या तोंडावर बोलले. जन्मात पहिल्यांदा. बोलले ते बोलले, परत घेणार नाही.

१४ जाने.
निम्मा रंग बसलाच. कातडी फुगली, पाणी सुटलं. लाखीला मांडीवर घेऊन काळीपिवळी जीपमधून सेनगावच्या ढोरांच्या दवाखान्यात गेले. ड्रायव्हर म्हणे कुत्रीचं वेगळं भाडं पडेल. म्हटलं घे, पण मग तिला खिडकी दे. त्यानं गाडी चालू केली.

डॉक्टरांनी मलम दिलं. तिनं चाटू नये म्हणून फुटक्या बादलीचं बूड कापून ती बादलीच गळ्यात घातली. भिंतींना धडकत फिरते. आधी हसले, मग रडू आलं.

दादाचं वेगळंच. "रिंगणाच्या दिवशी सकाळी मलम धुऊन टाकू, मलमबी चालत न्हाई." खरंच चालत नाही, कागदात आहे. म्हणजे रंगानं सोललेलं अंग चालतं, त्यावरचं औषध चालत नाही. हा नियम कुत्र्यासाठी केला का फडक्यासाठी?

१९ जाने.
ठरलं. म्हणजे मी ठरवलं. लाखी घरी राहील.
दादा: नाव दिलंय. पुकारा झाला अन् कुणीच गेलं न्हाई तर तांड्याची काय इज्जत राहील?
म्हटलं, मी जाईन की.
त्याला वाटलं चेष्टा करतेय.

२१ जाने.
हिंगोली. ऊन, धूळ, लाउडस्पीकर. लाखीचा पुकारा झाला. एकटीच रिंगणात गेले. लोक हसले. हसू देत.

परीक्षक वयस्कर, परगावचे. "बाई, कुत्रं कुठंय?"
"घरी. अंग सोललंय तिचं. तुमच्या रिंगणासाठी रंग लावला म्हणून."
म्हटलं, तुमचं फडकं केसांवरून जातं. केस बाजूला करा, कातडी बघा. आणि औषध लावलेल्याला बाद करू नका, न्हाईतर लोक जखम धुऊन आणतील.

कमिटीचा माणूस दंड धरायला आला. हात लावू नका, म्हटलं, चालता येतं मला. पण हलले नाही.

परीक्षकांनी फडकं खिशात घातलं. मग पहिल्या कुत्र्याच्या पाठीत बोटं घातली. दुसऱ्याच्या. वसमतचे साहेब म्हणाले, "ये क्या नया तमाशा है?" त्यांच्या पांढऱ्याच्या मानेखाली केस बाजूला केले तर लालभडक चट्टे. कुत्रं कळवळलं. रिंगणातलं हसणं थांबलं, मालक साखळ्या आखूड धरायला लागले.

निकाल थांबवला. कमिटी म्हणते, शनिवारी या, तुमच्या कुत्रीला रंग कुणी लावला ते समोर आणा. मग नियम बदलायचं बघू. पण कबूल करणाऱ्याच्या तांड्याला पुढं रिंगण बंद.
वा रे न्याय.

२३ जाने.
तांड्याचे प्रमुख नाईक आणि चार घरची माणसं दारात. बऱ्याच घरी कुत्री आहेत, सगळ्यांना पुढच्या साली जायचंय. नाईक समजुतीनं बोलले, "पोरी, मिटव आता. एका कुत्रीपायी समद्यांना काहून तकलीफ?"
म्हटलं, काका, तुमच्या घरच्या कुत्रीलाही कातडी आहे.
दादा: सख्ख्या भावाचं नाव देणार व्हय?
देणार.
सगळे गेल्यावर बापू म्हणाले, "मी येतो उद्या." एवढंच.

२४ जाने., शनिवार
जीपमध्ये बसून लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. बापू पटका बांधून पुढं बसलेत. दादा जीपच्या आडवा उभा, हॉर्न वाजवला तरी हटत नाही. नाईक ओट्यावरून बघताहेत. ड्रायव्हरचं दोनदा विचारून झालं, निघायचं का.

मी उतरणार होते, बापूंनी हातानं थांबवलं. स्वतः उतरले. मला वाटलं आता दादाला शिव्या घालतील. तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाय म्या धरले व्हते, लेप तू लावला. मी माझं सांगतो. तुझं तूच येऊन सांग."

पुन्हा येऊन बसलेत. शेजारची जागा मोकळी ठेवलीय.
दादा अजून तिथंच उभा आहे.