फुकटचं ऊन

९ फेब्रु.
सरकारी सोलर पंप बसला एकदाचा. वीजबिल नाही, रात्रीबेरात्री पाणी भरायला जाणं नाही. यांना आनंद मावेना. मलाही झाला, खोटं कशाला बोलू! विहीर आमची आणि थोरल्या जाऊबाईंची सामाईक. तीन दिवस पाळी आमची, तीन दिवस त्यांची. अमावास्येला दोघांच्याही मोटारी बंद. विहिरीनं झरावं म्हणून सासऱ्यांनी घालून दिलेला नियम.

२५ फेब्रु.
पाळी जाऊबाईंची, पंप आमचा चालू. "ऊन फुकट चाललंय, वाया कशाला घालवायचं?" इति हे. पूर्वी लाईट गेली की शिव्या घालायचो. तेवढ्या वेळात विहीर भरायची, हे आत्ता कळतंय.

१९ मार्च
अमावास्या. पंप चालूच. आठवण केली तर म्हणाले, "सूर्याला कुठं अमावास्या असती?" आणि हसले. मी विहिरीत डोकावले. तळाचा खडक दिसला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. भीती वाटली.

४ एप्रिल
द्राक्षबागेची छाटणी झाली आणि पाणी आटलं. त्यातच योजनेचा माणूस फोटोला येणार. पाइपातून पाणी पडताना दिसायला हवं म्हणे. यांनी पिंपळगावहून टँकर आणून विहिरीत ओतला. धार पडली. "ताई, जरा हसा की." हसले. जाऊबाई बांधावर हंडा घेऊन उभ्या. त्यांच्याकडे बघवेना.

१२ एप्रिल
ऊन चढलं की पंप आपोआप सुरू होतो, पाणी नाही म्हणून थांबतो, थोड्या वेळानं पुन्हा. दिवसभर. खालून कुणी खाकरतंय असं वाटतं. घरात सुना, म्हणून सासरे दारातूनच असे खाकरायचे. मी दोनदा पदर सावरला. हे म्हणतात, वेड लागलंय. बंद करून आले, यांनी परत लावला.

१७ एप्रिल
न राहवून जाऊबाईंकडे गेले. म्हटलं, "आक्का, तुमच्या पाळीला आता नाय लावू देणार. मी भांडते यांच्याशी. विहिरीला दम खाऊ द्या."
त्यांनी आधी चहा टाकला. मग म्हणाल्या, "आता कशाला गं? आमचाबी सोलर मंजूर झालाय. सोमवारी बसतोय."
"त्याच विहिरीवर? पाणी कुठंय आक्का?"
"तुमची पाच हॉर्सपॉवरची, आमची साडेसाताची मोटार हाय," म्हणाल्या. शांतपणे.
चहा तसाच ठेवून आले.
यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर आणखी पाणी ओढायला उद्याच विहिरीत आडवं बोअर मारणारा माणूस आणतील. नाही सांगितलं तर सोमवारपासून दोन-दोन पंप खाकरतील.