एका घरातले दोन उमेदवार

२८ जानेवारी १९७८

फॉर्म भरला! चौथ्यांदा!

कचेरीतला कारकून म्हणाला, "या लालासाहेब, तुमच्याबिगार इलेक्शन सुरू झाल्यागत वाटत न्हाई." हा मान समजून घेतला.

या मतदारसंघाचा इतिहास माझ्यावाचून कुणाला लिहिता येणार नाही. बासष्ट साली मला ३११ मतं. सदुसष्टला हद्दी बदलल्या आणि माझी सासुरवाड नेमकी पलीकडच्या मतदारसंघात गेली — २४०. बाहत्तरला १७४. दर खेपेला आमदार नवा, पडलेला मात्र तोच! सातत्य कुणाचं?

यंदा हद्दी पुन्हा बदलल्या. सासुरवाड आत आली! हजार मतं काढतोच. नाही निघाली तर आयुष्यात पुन्हा फॉर्म भरणार नाही. तशी सिद्धनाथाची शपथ घेतली. राहीबाई म्हणाली, "मागल्या बारीलाबी घेतली हुती." बायकोच्या बरोबर नको ते ध्यानात राहतं.

माझा फॉर्म बाद झालाच तर असावा म्हणून तिचाही भरून ठेवलाय. डमी. मोठे उमेदवार असंच करतात. ४ तारखेला दुपारी तीनच्या आत तिनं जाऊन मागं घ्यायचा. किरकोळ काम.

४ फेब्रुवारी

सत्यानाश!

दोन वाजता एस.टी.तून उतरलो. मी पुढं, ती मागं — नेहमीप्रमाणं. मी कचेरीत जाऊन साहेबांसमोर बसलो. सव्वादोन. अडीच. बाईचा पत्ता नाही! व्हरांड्यात येऊन बघतो तर आवारातल्या लिंबाखाली आमची सगळी भावकी ओळीनं बसलेली. माझा चुलतभाऊ भाऊसो इथल्या एका बड्या उमेदवाराचा प्रचार करतो. हिचा फॉर्म राहावा आणि माझी मतं फुटावीत म्हणून त्यानंच जीपमध्ये घालून आणलेली. एकूण एकोणीस म्हातारी माणसं! आणि आमच्या घरची सून वडीलधाऱ्याच्या पाया पडल्याशिवाय पुढं पाऊल टाकत नाही.

डोक्यावरचा पदर सावरत ही एकेकापुढं वाकतेय. नानासो चुलते आशीर्वाद देता देता माहेरची खुशाली विचारतायत, म्हशीची विचारतायत. भाऊसो शेजारी उभा राहून मोजतोय — "वैनी, ह्ये थोरलं मामंजी ऱ्हायलं बगा."

"आवर की!" मी वरून ओरडलो.

"आवं, मोठी मानसं हायत!" तिनंच मला दटावलं.

चौदाव्या म्हाताऱ्याला तीनचे टोले पडले. साहेब म्हणाले, वेळ संपली. म्हटलं, मी नवरा आहे, मी मागं घेतो! म्हणाले, नवरा असलात तरी तिचं लेखी पत्र लागतं.

तिनं मात्र उरलेल्या पाचांच्याही पाया पडून घेतलं. अर्धवट बरं दिसत नाही म्हणे!

६ फेब्रुवारी

चिन्हं मिळाली. तिला शिडी. मला होडी.

होडी! आमच्या ओढ्याला घोटाभर पाणी आलं तर माणसं नारळ फोडतात! माझा दोस्त ज्ञानू, माझा एकुलता एक कार्यकर्ता, म्हणाला, "गड्या, ह्यी हाय तरी काय? उताणी चप्पल?"

१० फेब्रुवारी

सायकलवरून सात गावं. पाच गावांत विचारलं, "शिडी तुमचीच व्हय?"

मी प्रचारात, त्यामुळं आमची पिठाची गिरणी राहीबाई चालवते. तशी प्रत्येक निवडणुकीत तीच चालवते, मागच्या तिन्ही वेळा तीच चालवत होती. दळणाला आलेल्या प्रत्येकीला सांगते, "मत होडीला द्या बायांनो, आमच्या मालकास्नी." विरोधी उमेदवार माझा प्रचार करतोय, आणि माझ्यापेक्षा बरा करतोय.

१३ फेब्रुवारी

भाकरी करपलेली. विरोधकांचा डाव म्हणालो. तिला हसू आलं नाही.

१७ फेब्रुवारी

बाजारतळावर सभा. मी एक तास दहा मिनिटं बोललो. धरण, वीज, कॉलेज, रेल्वे, सगळं आणलं. शेवटी समोर ज्ञानू आणि दोन शेळ्या उरल्या. त्यातली एक ज्ञानूची.

तेवढ्यात बाजार उरकून बायका आल्या, राहीबाईही त्यांच्यात. शेजारच्या धोंडुबाईनं तिला हाताला धरून उभं केलं — "तूबी उमेदवार हायस न्हवं? मग बोल की!"

ती बोलली. जमेल तसं लिहून ठेवतो.

"मला भाशान येत न्हाई. भात्तरच्या दुस्काळात आपुन समद्या जणी एका जागी खडी फोडत हुतो. तवा पानी कुठनं आनत हुतो त्ये तुमाला म्हाईत हाय. आजबी तिथनंच आनतोय. ज्यो निवडून यील त्येला घागर घिऊन माज्यासंगं तितवर चालायला लावीन, मग बोला म्हनावं. आन् मत आमच्या मालकास्नी द्या."

टाळ्या! भाजीवाले उभे राहिले.

भाषण लहान होतं. मुद्दा एकच होता. रेल्वे तर आलीच नाही.

२० फेब्रुवारी

परमुलखात सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानांवर गेलेली विट्याकडची पोरं मतदानाला गावी आलीत. चौकात थांबवून म्हणतात, "काका, काकूंचं भाषाण लय भारी झालं म्हनं." माझ्या भाषणाबद्दल विचारलं. म्हणाले, ते चालू असतानाच एस.टी. आली.

२५ फेब्रुवारी

मतदान झालं. बोटाला शाई.

२७ फेब्रुवारी

निकाल. बडा उमेदवार आला, त्याचं काही नाही. तो येणारच होता.

लालासाहेब, होडी — ५०६.
राहीबाई, शिडी — ५०७.

एक मत! एका मतानं बायकोनं पाडलं! आणि दोघांची बेरीज केली तर हजार तेरा! मोजणीतली माणसं पोट धरून हसत होती. भाऊसोनं तर जीप थांबवून मला सांगितलं, "दादा, कुणी का मारंना, घरचाच शिक्का बसला बग!"

२८ फेब्रुवारी

गावात दुसरा विषय नाही. सगळ्यांचं एकच — राहीबाईनं स्वतःलाच मत दिलं आणि नवऱ्याला पाडलं. गिरणीत बायका तोंडावर बोलल्या. माझी बहीण हरणाबाई मुद्दाम सासरहून आली आणि चहा न घेता दोन शब्द सुनावून गेली.

ज्ञानू चावडीवर घराघरातल्या माणसांना विचारतोय — त्ये एक मत कुणाचं? सापडंस्तवर सोडत न्हाई! मीही त्याच्याबरोबर आवाज चढवला. चढवावा लागतो.

संध्याकाळी ती चुलीपुढं बसलेली. म्हणाली, "सिद्धनाथाची आन, म्या होडीवर शिक्का मारला. दुसरी शिवलीबी न्हाई. तुमीबी तसंच म्हनता व्हय?"

मी वही शोधायला उठलो. भाकरी ताटात तशीच ठेवली. तिनं तर ताटच वाढून घेतलं नाही.

१ मार्च

सकाळी गिरणीचं इंजिन बंद करून दळणाला आलेल्या सगळ्या बायकांपुढं सांगून टाकलं. ते मत माझं. पडद्याआड होडीवर शिक्का नेला होता, पण हात शिडीकडं गेला. सोळा वर्षांत पाण्याबद्दल खरं बोललेलं एकच माणूस मी ऐकलं होतं.

कुणी हसलं नाही. राहीबाईनं पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं, खूप वेळ पुसलं. मग म्हणाली, "पुडच्या बारीला फारम म्या भरते. तुमी डमी ऱ्हावा."

व्हय म्हणालो.