खातरजमा

३ मार्च
आज पेपरात माझं नाव. फोटोसकट! ‘रक्त न तपासताच रिपोर्ट देणारी लॅबवाली.’ नमुना मशीनवर लावल्याशिवाय मी एकही आकडा लिहिलेला नाही. कधीच नाही. साहेब म्हणाले, "प्रकरण निवळेपर्यंत घरीच थांबा." कधी निवळणार, ते कोण सांगणार?

४ मार्च
शेजारच्या काकू साखर माझ्याकडेच तपासून घेतात. आज जिन्यात समोर आल्या आणि पर्समध्ये किल्ली शोधायला लागल्या. किल्ली हातातच होती.

७ मार्च
आमचे हे माझ्यापेक्षा पेटलेत. रजा काढली, वकीलबाई गाठल्या. "नाक घासत माफी मागतील!" एरवी गॅसवाल्याशी भांडायचं तरी मला पुढे करणारा माणूस. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वकीलबाई थंड. म्हणाल्या, "बातमी खोटी आहे, एवढ्याने भागणार नाही. त्यांचा निष्काळजीपणा दाखवावा लागेल. छापण्याआधी त्यांनी तुम्हाला विचारलं होतं?"

"कुणीच नाही."

"मग केस भक्कम आहे."

१२ मार्च
झोप नाही. लॅबमध्ये माझ्या जागी नवी मुलगी आली म्हणे — आणि हे अचानक म्हणतात, "मिटवून टाकू या का? कोर्टकचेऱ्या कशाला?" परवापर्यंत नाक घासायला लावणार होते! मी म्हटलं, बदनामी माझी झालीय, तुमची नाही.

२४ मार्च
आमच्या नोटिशीला पेपरचं उत्तर आलं. वकीलबाईंनी वाचून दाखवलं. ‘आम्ही खातरजमा केली होती. आदल्या दिवशी वार्ताहराने बाईंच्या घरी फोन केला. पतीने उचलला.’

आणि हे काय म्हणाले? "अहो, घरी चव न बघताच भाजी वाढते, तिकडे रक्त कशाला तपासतेय!"

त्या वाचत असताना मला यांचं हसणंसुद्धा ऐकू आलं. पाहुण्यांपुढे असलंच बोलतात. मीही हसते. इतकी वर्षं हसत आलेय.

घरी येऊन विचारलं. "अगं, गमतीत बोललो. पेपरातून बोलतोय म्हणाला तो, पण मला वाटलं कुणी ओळखीतलाच थट्टा करतोय."

"आणि छापून आल्यावर?"

"सांगायचा धीर झाला नाही."

तिथे वकीलबाईंसमोर मी ‘कुणीच नाही’ म्हणाले, तेव्हा हे शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

२५ मार्च
वकीलबाईंचा फोन. यांनाही प्रतिवादी करायचं का, विचारत होत्या.

मी नाही म्हटलेलं नाही.