डाव्या हाताची पानं

प्रिय वहिनी,

तुझं पत्र येऊन चार महिने झाले. दादा गेल्यावर सगळ्यांनी मला दोन-दोन पानं सांत्वन लिहिलं. तू चार ओळी लिहिल्यास आणि खाली एकच प्रश्न विचारलास. "सात वर्षांपूर्वी एका गुरुवारी मी तुझ्याकडे फोनवर त्याच्यासाठी निरोप ठेवला होता, तो ऐकून तो काय म्हणाला, तेवढं कळव, वाईट असलं तरी चालेल." पत्र मी औषधांच्या डब्याखाली ठेवलं होतं, म्हणजे रोज गोळी घेताना दिसायचं. त्या प्रश्नाचं उत्तर या पत्रात आहे, ते मी टाळणार नाही. पण मला आधी उन्हाळ्याच्या सहलीबद्दल सांगू दे. ती झाली नसती तर मी हे लिहायला बसलेच नसते. आणि तुम्ही दोघं वेगळे झालात तरी मी तुला वहिनीच म्हणणार आहे. दुसरं काही तोंडात बसत नाही.

दादा दर उन्हाळ्यात दहा दिवस कुठे जायचा ते तुला माहीत आहेच, पहिल्या दोन वेळी तूही होतीस. आधी तळ्यावर त्याच्या जुन्या मित्राकडे, मास्तरकडे, मग डोंगरापलीकडे द्राक्षांच्या मळेवाल्याकडे. एकदा आपण तिघं गेलो होतो. गाडी तू चालवत होतीस, दादा मागे पाय दुमडून बसला होता आणि दर चढावर तुला सांगत होता की तो तपासतो त्या लिफ्टला असे गचके बसले तर लोक तक्रार करतात. तू त्याला म्हणालीस, मग जा लिफ्टने. एवढा मोठा माणूस, पण पुढचा अर्धा तास फुगून चेरी खात होता. तुझी पुलांच्या कामावर बदली झाली, तो इथल्या लिफ्टांचं काम सोडून येईना, त्यानंतर तो एकटाच जायला लागला. मला दर वेळी चल म्हणायचा. मी म्हणायचे, पाण्याचे नमुने कोण तपासणार. प्रयोगशाळेत आम्ही सहाजण आहोत, हे त्याला पक्कं माहीत होतं.

यंदा मास्तरचा फोन आला. येतेस ना, एवढंच म्हणाला. मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर माझं मलाच नवल वाटलं. दादाचीच गाडी नेली. सीट त्याच्या पायांच्या मापाने मागे होती. ती पुढे ओढायला मला दोन दिवस लागले, म्हणजे खटका सापडत नव्हता असं नाही. कप्प्यात त्याची खिशातली डायरी होती. लिफ्टच्या तपासणीच्या नोंदी करायचा तशाच तुटक अक्षरात सहलीचं पान होतं: मास्तर, नवी दोरी न्यावी. मळा, चार दिवस, तीन ओळी, डाव्या हाताची पानं. मी दोरी घेतली आणि निघाले.

मास्तरला तू ओळखतेस. पोरांना भूगोल शिकवून रिटायर झाला तरी समोर बसलेल्या प्रत्येकाला वर्गातला समजतो. त्याच्या टेबलाचा जुना नियम अजून चालू आहे, तळ्यात उतरल्याशिवाय वाइन नाही. मी पहिल्या दिवशी गुडघ्यापर्यंत गेले. त्याने निकाल दिला की गुडघ्याला अर्धा ग्लास. दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत गेले तेव्हा पाऊण मिळाला. तिसऱ्या दिवशी मानेपर्यंत गेले, पोहलेसुद्धा, आणि त्याने पूर्ण ग्लास भरून वर सुनावलं की तुझ्या भावाला हे जमायला चार उन्हाळे लागले होते. तू मला त्याच तळ्यात पोहायला शिकवलंस, हे मी त्याला सांगितलं नाही. संध्याकाळी आम्ही काठावर मासे भाजायचो, लिंबू पिळून, जाड पावाबरोबर. अंधार पडायला नऊ वाजतात तिथे. माणसाला काही घाईच राहत नाही.

दोन दिवस तो दादाबद्दल अवाक्षर बोलला नाही. त्याच्यासारख्या माणसाला त्याचा किती त्रास होत असेल, याचा अंदाज कर. तिसऱ्या दिवशी बटाटे सोलताना म्हणाला, "तुम्ही दोघं भावंडं म्हणजे अडकलेली लिफ्ट. आत माणूस आहे हे घंटा वाजवली तरच कळायचं. तो निदान उन्हाळ्यात एकदा वाजवायचा. तू तर घंटेला हातही लावत नाहीस." मी बटाटे सोलत राहिले. तो म्हणाला, "बघ, हे असं." आणि सालं उचलून आत गेला, बराच वेळ आला नाही. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. निघताना त्याने मला मिठी मारली आणि दोरी बघून सांगितलं की ही दादाने आणली असती त्यापेक्षा जाड आहे, होडी बांधायची आहे, जहाज नाही.

मळ्यावर पोचले तेव्हा मळेवाला फाटकावर उभा होता आणि त्याची बायको, आपली दातवाली, क्लिनिकमधून तशीच पांढऱ्या कोटात आली होती. तिने मला आधी तोंड उघडायला लावलं आणि उजवीकडची दाढ बघून मान हलवली. मग जवळ घेतलं. घराच्या मागच्या खोलीत, दादा झोपायचा त्याच खाटेवर माझी सोय होती. खिडकीतून वेलींच्या ओळी टेकडीपर्यंत सरळ गेलेल्या दिसतात. त्या खोलीत मला झोप येणार नाही असं मी धरून चालले होते. आठ तास झोपले.

सकाळी मी कामाला तयार झाले. मळेवाला नको म्हणत होता, पण मी डायरी दाखवली तेव्हा हो म्हणाला. काम तसं सोपं आहे. द्राक्षं हिरवी, वाटाण्याएवढी असतात तेव्हा घडांसमोरची थोडी पानं काढायची, म्हणजे वारा लागतो आणि घड कुजत नाहीत. मी तीस वर्षं थेंब मोजण्याचं काम केलंय, पानं काढणं मला जमणारच. ऊन चढायच्या आत तीन ओळी केल्या, डाव्या हाताची पानं, एकही घड न दुखावता. पाठ दुखत होती, पण इतकं बरं मला हिवाळ्यापासून वाटलं नव्हतं. चार महिन्यांत पहिल्यांदा दादाचं काहीतरी काम मी पुरं केलं होतं.

फक्त सुरुवात मी पंपाच्या टोकाकडून केली होती, कारण तिकडे सावली होती. दादा फाटकाकडून करायचा. फाटकाकडून आत शिरलं की डाव्या हाताला येते ती वेलीची उगवतीची बाजू, तिला सकाळचं कोवळं ऊन लागतं. पंपाकडून शिरलं की डावा हात मावळतीच्या बाजूला पडतो. तिथली पानं काढली की दुपारचं ऊन सरळ घडांवर येतं आणि दोन-तीन दिवसांत द्राक्षं भाजून तपकिरी होतात. डायरीत हे नव्हतं. दादाला ते लिहायची गरजच पडली नसणार.

दुपारी झाडाखाली जेवायला बसलो. टोमॅटो, काकडी, बकरीच्या दुधाचं चीज, गार पांढरी वाइन, आणि मध्ये मोठा भाजलेला मासा. मळेवाला हात धुऊन आला तो लालबुंद होऊन. पंपाकडच्या तीन ओळी त्याने पाहिल्या होत्या. आता, त्या टोकाला पहाटे अर्धा तास दातवाली होती, मग तिला क्लिनिकमधून फोन आला आणि ती गेली. मी फाटकाकडच्या ओळी केल्या असं तो धरून चालला होता, कारण दादा तेच करायचा. त्यामुळे त्याने तिलाच धरलं. म्हणाला, "डॉक्टरीणबाई, दात उपटता तशी पानं उपटलीत. कुठली बाजू ते बघायचीही तसदी नाही." ती म्हणाली, तीन ओळी अर्ध्या तासात मी काय यंत्राने केल्या. तो म्हणाला, मग भुताने केल्या असतील. तिने डोळे चोळले. रात्री आलेल्या एका पेशंटमुळे तिची झोप झाली नव्हती. मग चक्क म्हणाली, "असेल. माझंच चुकलं असेल. मी झोपेतच होते."

वहिनी, मी तिथे बसले होते. माझ्या नखांत हिरवा रंग होता. ती न केलेली चूक कबूल करत होती आणि मी माशाचे काटे काढत होते. मला खोटं बोलावं लागलं नाही. मला फक्त काही न करता बसून राहायचं होतं, आणि ते मला फार चांगलं येतं. लोक त्याला माझा शांत स्वभाव म्हणतात. मासा संपला, टरबूज आलं, ते दोघं एकमेकांकडे न बघता खात होते. मग मी म्हणाले, त्या ओळी मी केल्या. पंपाकडून सुरुवात केली.

मळेवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. म्हणाला, "बरं झालं आत्ता बोललीस. रात्री हिने मला उपाशी ठेवलं असतं." दातवालीने त्याच्या पुढ्यातली टरबुजाची फोड उचलून माझ्या ताटात ठेवली. म्हणाली, याला शिक्षा. मग तिघंही उठलो. भर दोनच्या उन्हात घरातल्या जुन्या चादरी वेलींच्या मावळतीच्या बाजूला चिमटे लावून बांधल्या. चादरी संपल्या तेव्हा तिने क्लिनिकचे जुने पांढरे कोट आणले, बावीस होते. लांबून पाहिलं असतं तर वाटलं असतं की डॉक्टरांची एक तुकडी बाह्या पसरून टेकडी चढतेय. मळेवाला म्हणाला, यंदाची वाइन औषध म्हणून विकू. मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं, आणि बसल्यावर रडू आलं. ते दोघं चिमटे लावत राहिले, मला कुणी उठवलं नाही. बहुतेक घड वाचले. पुढचे तीन दिवस मी फाटकाकडून सुरुवात केली.

शेवटच्या संध्याकाळी दातवालीने मला सहज विचारलं, वहिनीला कळवलं का. मी म्हणाले, कळवलं, तिचं पत्रही आलं. ती म्हणाली, "दर वर्षी दुसऱ्या ग्लासानंतर दादा तिचा विषय काढायचा, तुला माहीत असेलच." मला माहीत नव्हतं. घरी तो तुझं नाव कधीच काढत नसे. तो काय म्हणायचा ते तिने सांगितलं, आणि मी दुसऱ्या दिवशी ठरल्यापेक्षा लवकर निघाले. वाटेत कुठे थांबले नाही. आता घरी आहे, समोर त्याची खुर्ची आहे, आणि तुझं उत्तर मी लिहिते आहे.

तुझा निरोप ऐकून दादा काहीच म्हणाला नाही, कारण मी तो त्याला सांगितलाच नाही. तू म्हणाली होतीस, मी रविवारपर्यंत वाट बघीन, त्याला फोन करायला सांग, मी बदली मागून परत यायला तयार आहे. मी म्हणाले, सांगते. दादा संध्याकाळी आला, बूट काढले, काही विशेष का म्हणाला, आणि मी म्हणाले, काही नाही. तू गेल्यावर त्याला सोबत म्हणून मी या घरात आले होते आणि मला इथे राहणं आवडायला लागलं होतं. मला परत माझ्या एका खोलीत जायचं नव्हतं. तुझ्यावर माझा राग नव्हता, त्याचं भलं बघत होते असंही नाही, कारण एवढंच होतं. रविवार गेला, मग सोमवारी सांगणं जास्त अवघड झालं, आणि अशी सात वर्षं झाली. दातवालीने सांगितलं की दर उन्हाळ्यात त्या झाडाखाली तो म्हणायचा, तिने एक फोन केला असता तर मी लिफ्टा सोडून गेलो असतो. तू केला होतास. त्याला कळलं नाही, ते माझ्यामुळे. मी माफी मागत नाही, कारण ती द्यायची की नाही या विचारात तुझा आणखी वेळ जावा असं मला वाटत नाही. मला शिव्या दे, पत्र फाड, किंवा इथे येऊन समोर बसून बोल, मी सगळं ऐकून घेईन आणि या वेळी उत्तरही देईन. पण त्याला तू नको होतीस, असं आजपासून एक दिवसही समजू नकोस.

तुझीच,
धाकटी