सोललेली संत्री

माय,

आज परसातल्या झाडाची संत्री उतरवली. ओढून तोडलं तर देठाशी साल फाटते, म्हणून तुझ्यासारखीच कात्रीनं, देठाचा बारीक तुकडा ठेवून. साली चिरून मुरंब्यासाठी भिजत घालताना हात थांबला.

आठवीत होते मी. नाताळच्या मेळ्यासाठी आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर संत्र्याचा मुरंबा करणार होत्या, त्यांच्या पद्धतीचा, सालीसकट. साल महत्त्वाची, असं त्यांनी वर्गात नीट सांगितलं होतं. घरी येऊन मी तुला एवढंच म्हटलं, "सिस्टरना मुरंब्याला आपली संत्री हवीत." साल खातात म्हटलं असतं तर तू हसली असतीस, आणि माझ्या सिस्टरना कोणी हसलेलं मला खपत नसे.

सकाळी उठून बघते तर तू चुलीपाशी बसली आहेस. मोठा डबा फोडींनी भरलेला, प्रत्येक फोडीची शीर न् शीर काढलेली, बियासुद्धा. साली उकिरड्यावर गेलेल्या.

"त्या बाया पोरी शिकवतीन का संत्रे सोलत बसतीन?" तू म्हणालीस. "अन् तोंड काऊन असं केलं? येवढी मेहनत केली, हास तरी."

शाळेत डबा उघडला तेव्हा मुली हसल्या. सिस्टरनी हळूच विचारलं, कोणी सोलली? मी माझ्या चांगल्या इंग्रजीत सांगितलं, आमच्या कामवालीनं, तिला काही कळत नाही. आपल्याकडे कामवाली कधी नव्हतीच.

संध्याकाळी तू दारातच विचारलंस, "काय म्हणे सिस्टर?"

"खूश झाल्या."

म्हणून पुढच्या नाताळलाही तू सोललीस. थंडीनं बोटांना चिरा पडलेल्या, त्यात रस झोंबत होता. तो डबा मी आर्वीच्या एसटी स्टँडवर बसलेल्या बायांना वाटून टाकला आणि बाजारातली संत्री घेऊन शाळेत गेले.

सांगायला वेळ मिळाला नाही असं नाही. शेवटच्या आजारात मी रोज तुझ्या उशाशी होते. एकदा तूच म्हणालीस, "तुह्या सिस्टरले माह्या हातचं लय आवडे, नाई?" मी हो म्हटलं आणि तुझं पांघरूण सारखं केलं.

हे पत्र कुठं जायचं नाही. सून मघाशी डोकावून गेली. "आई, कोणाला लिहिताय?" तिनं विचारलं. मी कागदावर हात ठेवला आणि म्हटलं, मुरंब्याची कृती उतरवतेय.