पारावरची ‘तरवड’

बीड,
ऑक्टोबर २००६

प्रिय हरिओम,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट तसंच बाजूला टाकू नकोस. ई-मेल मुद्दाम केला नाही. हे ऑफिसात, चार लोकांत बसून वाचायचं नाही. खोलीवर जाऊन निवांत वाच.

आपला ‘पार’ अजून चालू आहे. आमच्या अण्णांच्या दुकानावरच्या खोलीतला नेट कॅफे मात्र आता नावालाच उरलाय, कारण पोरं स्टँडजवळच्या नव्या कॅफेत जातात. पुण्याला, दुबईला गेलेल्या आपल्या माणसांना टेकायला जागा हवी म्हणून आपण ही ‘पार’ वेबसाइट काढली, तेव्हा लाइन दर थोड्या वेळानं तुटायची आणि तू मॉडेमला शिव्या घालायचास. आता लाइन तुटत नाही, पण शिव्या घालणारंही कुणी नाही. लोक मात्र येतात. नेकनूरच्या बसपासून कपिलधारच्या जत्रेपर्यंत सगळ्यावर भांडतात. घाण लिहिणारेही येतात. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी ते सगळं पुसून काढतो. अण्णा म्हणतात, “दुसऱ्याचा ओटा झाडायला तुला कुणी सांगितलंय?”

तू पुण्याला गेलास तेव्हा नियम घालून दिला होतास. कुणी कोणत्याही नावानं लिहावं. आणि लिहिणाऱ्यानं नको म्हटलं, तर त्याचं खरं नाव आपण एकमेकांनाही सांगायचं नाही. मला तो तेव्हा फार आवडला होता.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ‘तरवड’ या नावानं एका मुलीनं लिहिलं. तुला ते विसरता आलं नसणार. अकरावी झाली होती, घरच्यांनी लग्न ठरवलं होतं, तिला शिकायचं होतं. शिकलेला थोरला भाऊ बाहेरगावी होता, त्याच्यावर तिची भिस्त होती. तर तोही फोनवर म्हणाला, स्थळ चांगलं आहे, होऊन जाऊ दे. पारावर जो तो बोलायला लागला. सगळ्यांत चांगलं तूच लिहिलंस. असल्या भावाला चार माणसांत उभं करून विचारलं पाहिजे, असं लिहिलंस. तिला लिहिलंस, घाबरू नकोस, मी स्वतः येतो, तुझ्या घरच्यांशी बोलतो.

मग इतरांचे अंदाज सुरू झाले. कुणी गाव ओळखलं म्हणालं, कुणी जात. एकानं तर कॉलेजच्या तीन मुलींची नावं टाकली. मी ती पुसली, चर्चेचा तो धागाच बंद केला, आणि लोकांनी मला पाराचा जहागीरदार ठरवलं. ते मी सोसलं. तुझा फोन सोसवला नाही. तू म्हणालास, “नाव सांग बे, मी उद्याच निघतो.” मी नाही म्हणालो. तू म्हणालास, “माझ्यावरबी भरवसा न्हाई का तुझा?” मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्यावरच तू पार सोडलास, आणि मलाही.

हरिओम, ती मुलगी माझ्याच कॅफेत बसून लिहायची. एका बोटानं टाइप करायची. उठताना तिनं मला शपथ घातली होती की तिचं नाव कुणालाच सांगायचं नाही, आणि एका माणसाला तर मुळीच नाही. तू लिहिलेलं तिनं दोनदा वाचलं. मला वाटलं, आता तरी ती म्हणेल, सांगून टाका. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि म्हणाली, “दुसऱ्याच्या बहिणीसाठी लई चांगलं लिहितो दादा.” पुढच्या आठवड्यात तिला हळद लागली. तू पाहुण्यांना वाढत होतास. मी दारापर्यंत येऊन परत गेलो.

मी बबिताबद्दल बोलतोय.

नाव सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस, असं मला कधी वाटतं. कधी वाटतं, तू आधी तिच्यावरच चिडला असतास. दिलेला शब्द मोडायला हवा होता का, हे मला अजून कळत नाही. तिचं नाव जपलं. तिला जपता आलं नाही.

ती परवा आली होती, कडेवर लेक घेऊन. दिवाळीला माहेरपणाला आलीय असं घरच्यांनी तुला सांगितलं असेल. ती परत जाणार नाही. नवऱ्यानं तिचा हात मोडला होता, तो वाकडाच जुळलाय. तिला बाहेरून बारावीला बसायचंय, आणि तुझे वडील म्हणतात, आठ दिवसांत सासरी सोडून येतो. ती म्हणाली, “आता दादाला सांगा. फोनवर मला बोलता यायचं न्हाई.” तिनं शपथ सोडवली, म्हणून हे पत्र.

निघ. स्टँडवर उतरलास की माझ्याकडे वळू नकोस, सरळ पालीला घरी जा. तिला आधी काही विचारू नकोस, वडिलांच्या आणि तिच्या मध्ये नुसता उभा राहा. माझ्याशी बोलायचं की नाही, ते मागाहून ठरव.

तू मानशील तर अजूनही तुझाच,
विश्वेश्वर