मागचं वजन

बोम्मसंद्रा, बेंगळूर
ता. ९ जानेवारी १९९४

ती. अक्कास गुंडोचा शि. सा. न.

परत तेच, की मी खंडोजीकडं लक्ष देत नाही. तुझ्या दिराला इकडं पाठव असं मी कधी म्हटलं होतं? तूच न विचारता गाडीत बसवून दिलंस. सात भाकऱ्या खातो आणि वर माझी चादर ओढून घेतो.

पण गडी कामाचा आहे. माझ्या फोर्कलिफ्टवर दीड टन लिहिलंय, पेट्या येतात दोन टनांच्या. उचलली की मशीनची मागची चाकं अधांतरी. मग खंडोजीला मागं उभं करतो. तालमीतलं अंग, चाकं गप खाली बसतात. सगळे त्याला ‘वजन’ म्हणतात, तोही हसतो. मशीनवर कुणी चढू नये अशी पाटी आहे, पण पद्मनाभ सुपरवायझर म्हणतात, स्वल्प सांभाळून घे, लॉरी थांबलीये. हे तुझ्या सासूबाईंना वाचून दाखवू नकोस, उगाच देव पाण्यात ठेवतील.

दाजींना नमस्कार. शिव्या घाल, पण लिहीत जा.
तुझा गुंडो

निपाणी
ता. ३ मार्च १९९४

चि. गुंडोस अहल्येचा आशीर्वाद.

खंडोजी भावजींचा देह आणून पोचवलास आणि दिवस घालायच्या आधीच परत गेलास. कुणाशी धड बोलला नाहीस.

काल कंपनीचा कागद आला. मनाई असताना खंडोजी आपल्या मनानं मशीनवर चढला, म्हणून कंपनी काही देणं लागत नाही, असं लिहिलंय. खाली साक्षीदार म्हणून तुझी सही. सासूबाई म्हणतात, माझं पोर जत्रेतल्या पाळण्यात बसायला भ्यायचं, ते आपणहून कसं चढेल? हे म्हणतात, गुंडोनं सही केली म्हणजे खरं असेल.

मी तुझं जानेवारीचं पत्र काढून दोनदा वाचलं. अजून कुणाला दाखवलेलं नाही. काय ते तूच लिही.
अहल्या

येलहंका
ता. २० मार्च १९९४

ती. अक्का,

नमस्कार कुठल्या तोंडानं लिहू?

ते पत्र दाखव. मावशींना, तुझ्या सासूबाईंनाही, वाचून दाखव. मीच त्याला चढवलं. त्या दिवशी तो म्हणाला होता, उतारावर तेल सांडलंय, पेटी फोडून दोन खेपा करू. मी सगळ्यांसमोर म्हटलं, अक्कानं तुला नुसतं खायला पाठवलंय काय? तसा चढला. मी मशीन मागं घेत उतरत होतो. पेटी पुढून घसरली, मागची बाजू दणकन आदळली आणि तो खाली पडला. ब्रेक दाबला, पण चाक त्याच्यावरून गेलं होतं.

सुपरवायझर म्हणाले, सही कर नाहीतर जेलात जाशील. मी भ्यालो, अक्का.

सोमवारी कामगार खात्याच्या ऑफिसात जाऊन सगळं खरं सांगितलं. त्यांनी कानडीत लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मग सही केली. कंपनीनं त्याच दिवशी काढून टाकलं. केस होईल म्हणतात, होऊ दे. आता इथं मालधक्क्यावर पाठीवर पोती वाहतो. मशीनला हात लावत नाही.

माफ करा असं मावशींना सांगू नकोस. माझे पैसे त्या घेणार नाहीत, म्हणून माझ्यातलं काही घातलेलं नाही. खंडोजीचे फेब्रुवारीचे अकरा दिवस भरले होते. तेवढा त्याचा पगार कंपनीतून मागून घेतला, मनीऑर्डर करतोय. त्यांच्या हातात दे. चारशे चाळीस रुपये.